अंगणातला कडुनिंब: तोडावा की राखावा?

इंदूरच्या राजेंद्र नगरातून एका वाचक भगिनींचे पत्र आले आहे. पत्र बरेच मोठे आहे. त्यातला मुख्य मजकूर असा:

"आमच्या घरापुढच्या अंगणात सासऱ्यांनी १९७४ साली, वास्तुशांतीच्या वर्षी, लावलेला कडुनिंब आहे. छातीच्या उंचीवर त्याचा घेर १९० सेंटिमीटर भरतो. तो पूर्वेला, म्हणजे शेजाऱ्यांच्या घराकडे, थोडा कललेला आहे; मी लग्न होऊन आले तेव्हाही तो तसाच होता. दहा-बारा वर्षांपूर्वी आम्ही तो वरून छाटून घेतला होता. मागच्या जूनमधल्या वादळात त्याची मांडीएवढी फांदी तुटून शेजाऱ्यांच्या मोटारीवर पडली आणि तेव्हापासून ते झाड तोडा म्हणून मागे लागले आहेत. मधल्या भिंतीला तडा गेला आहे, तोही झाडामुळेच गेला असे त्यांचे म्हणणे आहे. तीन वर्षांपूर्वी ड्रेनेजची नवी लाइन टाकली, ती झाडाच्या पश्चिमेला पाच फुटांवरून गेली. त्याच वेळी बुंध्याभोवती सिमेंटचा ओटा बांधून अंगणात पेव्हर ब्लॉक बसवले. आता एक ठेकेदार लाकडाच्या बदल्यात झाड फुकट उतरवून देतो म्हणतो. तोडायचे नसेल तर पुन्हा वरून छाटून देईन, असेही म्हणाला. मुलगा म्हणतो, तोडून मोकळे होऊ. सासूबाई ८४ वर्षांच्या आहेत. त्या म्हणतात, माझ्यामागे काय करायचे ते करा. आम्ही काय करावे?"

सप्रेम नमस्कार, ताई.

आपल्या घरातल्या आणि शेजारच्या सर्वांनी भीती धरली आहे ती झाडाच्या उंचीची, कलण्याची आणि पसरलेल्या फांद्यांची. मला मात्र काळजी वाटली ती आपण जाता जाता लिहिलेल्या ड्रेनेजच्या वाक्याची. म्हणून तोडावे की राखावे याचे उत्तर मी आज देणार नाही. बुंध्याभोवतीचा ओटा काढून पश्चिमेकडची मुळे डोळ्यांनी पाहिल्यावरच ते देता येईल, आणि ती पाहण्यापूर्वी आपणही ठेकेदाराला होकार किंवा नकार यांपैकी काहीच कळवू नये, अशी माझी विनंती आहे.

आधी कलाविषयी. झाड कललेले आहे एवढ्यावरून ते पडणार असे होत नाही. लहानपणी एका बाजूला घराची सावली असली की रोप उजेडाकडे झुकते, पुढे शेंडा पुन्हा सरळ वर जातो आणि खोडाला धनुष्यासारखा बाक येतो. असे झाड वर्षानुवर्षे त्या कलाला साजेसे लाकूड आणि मुळे घडवत जाते. आपण सून म्हणून आलात तेव्हा जेवढा कल होता तेवढाच आज असेल, तर तो कल झाडाने केव्हाच पचवलेला आहे. भीती असते ती नव्या कलाची. खोड सरळ असूनही सगळेच्या सगळे एका बाजूला झुकलेले दिसणे, कलाच्या विरुद्ध बाजूची जमीन फुगून वर येणे, बुंध्याजवळ चंद्रकोरीसारखी भेग पडणे, वारा सुटला की बुंध्याच्या पायथ्याची जमीन श्वास घेतल्यासारखी वरखाली होणे, ही चिन्हे दिसली तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये. घरात जुने फोटो असतील, एखाद्या मुंजीचे किंवा पाडव्याच्या गुढीचे, ज्यांत मागे हे झाड आणि घराची उभी कड दोन्ही दिसतात, तर ते काढून आजच्या फोटोशेजारी ठेवावेत. कल वाढला की नाही याचा इतका स्वस्त आणि पक्का पुरावा दुसरा नाही.

आता मुळांविषयी. झाडाची मुळे जितके झाड वर तितकी खोल खाली जातात, असा आपल्याकडे सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात मोठ्या झाडाची बहुतेक मुळे वरच्या अर्ध्या-पाऊण मीटर मातीत असतात आणि फांद्यांच्या घेराच्याही बरीच बाहेर पसरतात. झाडाला उभे धरून ठेवणारी जाड मुळे मात्र बुंध्यालगतच असतात. आपल्या कडुनिंबाचा घेर १९० सेंटिमीटर, म्हणजे व्यास सुमारे ६० सेंटिमीटर. झाडांची निगा राखणारे जाणकार व्यासाच्या बारापट अंतरापर्यंत, म्हणजे आपल्या झाडाच्या बाबतीत सात मीटरपर्यंत, खोदकाम टाळावे असे मानतात. शहरातल्या अंगणात ते क्वचितच जमते, हे मलाही ठाऊक आहे. परंतु व्यासाच्या तिप्पट अंतराच्या आत, म्हणजे १.८ मीटरच्या आत, चर खणला तर झाडाचा आधारच तुटण्याची शक्यता असते, आणि आपली ड्रेनेजची लाइन पाच फुटांवरून, म्हणजे दीड मीटरवरून गेली आहे.

त्यातही ती पश्चिमेला गेली, ही गोष्ट अधिक वाईट. पूर्वेकडे कललेले झाड पश्चिमेकडच्या मुळांवर तोलून राहते. तंबूची दोरी जशी ताणलेली असते तशी ती मुळे ताणलेली असतात. आपल्या माळव्यात उन्हाळ्याच्या अखेरीचा वाराही बहुधा पश्चिमेचाच असतो, म्हणजे कल आणि वारा यांचा दोघांचाही ताण तुटलेल्या बाजूवरच येतो. तीन वर्षांत काही झाले नाही, म्हणून पुढेही होणार नाही असे समजू नये. जाड मूळ तुटल्यावर त्या तोंडातून बुरशी शिरते आणि कुजणे हळूहळू बुंध्याकडे सरकते. त्याचा परिणाम दिसायला पाच-सात वर्षेही लागतात, आणि तोवर वरची पालवी हिरवीगार राहू शकते. पाने हिरवी आहेत म्हणजे झाड भक्कम आहे, या समजुतीपायी पुष्कळ लोक फसलेले मी पाहिले आहेत.

तेव्हा पहिले काम ओटा काढण्याचे. तो यंत्राने फोडू नये. गवंड्याकडून छिन्नी-हातोडीने, तुकड्या-तुकड्याने काढून घ्यावा, कारण आतल्या सालीला लागलेला एक फटका झाडाला ओट्याइतकाच महाग पडतो. ओट्याखालची साल तीन वर्षे दमट राहिलेली असेल. ती काळपट, मऊ आणि आंबूस वासाची झाली आहे का, वाळवीची माती चढली आहे का, हे पाहावे. मग बुंध्यापासून निदान एक मीटरपर्यंतचे पेव्हर ब्लॉक उचलून खुरप्याने आणि पाण्याच्या धारेने माती हळूहळू सारावी, आणि पश्चिमेकडे चराच्या काठापर्यंत जावे. (राष्ट्रीय हरित अधिकरणाने २०१३ मध्ये दिल्लीतल्या झाडांभोवतीचे एक मीटरपर्यंतचे काँक्रीट काढण्याचा आदेश दिला होता, इंदुरात आपण अजून हौसेने तेच काँक्रीट घालत आहोत.) मनगटाहून जाड अशी किती मुळे तुटली आहेत ते मोजावे. तुटलेल्या तोंडाशी बाजूने नवी बारीक मुळे फुटली असतील आणि लाकूड टणक असेल, तर झाडाने स्वतःला सावरले आहे. लाकूड बोटाने दबत असेल, तंतू सुटत असतील, तर कूज बुंध्याच्या दिशेने कुठवर पोचली आहे हे जाणकाराकडूनच पाहून घ्यावे.

त्याच वेळी बुंधाही तपासावा. लाकडी मोगरीने चहूबाजूंनी ठोकत गेल्यास भरीव आणि पोकळ आवाजातला फरक कोणालाही कळतो. पोकळ वाजले म्हणजे झाड गेले, असे मात्र नाही. जर्मनीतले क्लाउस माथेक यांनी मोडलेल्या आणि उभ्या राहिलेल्या पुष्कळ झाडांच्या मोजमापांवरून असा अंदाज बांधला की, पोकळीभोवतीच्या निरोगी लाकडाची जाडी खोडाच्या त्रिज्येच्या एक तृतीयांशाच्या आसपास असेल, तर ते खोड सहसा मोडत नाही. आपल्या झाडाची त्रिज्या ३० सेंटिमीटर आहे, म्हणजे सगळीकडून १० सेंटिमीटर चांगले लाकूड हवे. हा ठोकताळा आहे, कायदा नव्हे. खोडाला एका बाजूने मोठी ढोली किंवा चीर असेल तर तो लागू पडत नाही. बुंध्याच्या अगदी तळाशी लाकडासारखी टणक, तपकिरी, फळीसारखी बाहेर आलेली अळंबी दिसली, तर तिला ओरबाडून फेकू नये. ती काढल्याने रोग जात नाही, पण आत मुळे कुजत असल्याची खूण तेवढी नाहीशी होते.

आता मागच्या जूनमध्ये पडलेल्या फांदीकडे वळतो. आपण आणि शेजारी दोघेही तिला झाडाच्या म्हातारपणाची निशाणी समजत आहात, पण पत्र वाचून माझा तर्क वेगळा होतो. दहा-बारा वर्षांपूर्वी झाड वरून छाटले, म्हणजे जाड फांद्या मध्येच आडव्या कापून खुंट ठेवले गेले. अशा वेळी झाड उपासमारीच्या घाईने त्या खुंटांच्या सालीखालून डझनांनी धुमारे फोडते. साधी फांदी खोडाबरोबर वर्षानुवर्षे वाढत असल्यामुळे तिची बैठक लाकडाच्या आत खोल रुतलेली असते. धुमाऱ्याची बैठक फक्त बाहेरच्या थरात असते, आणि तो ज्या खुंटावर उभा असतो तो खुंट आतून कुजत असतो. दहा-बारा वर्षांत तो धुमारा मांडीएवढा होतो, त्याच्या शेंड्यावर पालवीचा भार येतो, आणि पहिल्या जोरदार वादळात तो मुळासकट निसटतो. तुटलेल्या जागी लाकडाची लांब फाडलेली चीर न राहता खोबणीसारखा खळगा राहिला असेल आणि आत तपकिरी चुरा दिसत असेल, तर ती फांदी धुमाराच होती असे समजावे. म्हणजे शेजाऱ्यांच्या मोटारीचे नुकसान झाडाने केले त्याहून अधिक त्या छाटणीने केले.

झाडाची जखम माणसाच्या जखमेसारखी भरून येत नाही, ही गोष्ट अमेरिकेच्या वनखात्यातले ॲलेक्स शायगो यांनी हजारो झाडे उभी चिरून पाहून १९७०च्या दशकात मांडली. झाड कुजलेला भाग दुरुस्त करत नाही. ते त्याच्याभोवती भिंती उभारून त्याला कोंडते आणि बाहेरून नवे लाकूड घालत पुढे जाते. फांदी जिथे खोडाला मिळते तिथे एक फुगीर कडे असते, आणि ही भिंत उभारण्याची तयारी त्या कड्यातच असते. कड्याच्या लगेच बाहेर कापले तर जखम काही वर्षांत चारी बाजूंनी वळकटी धरून मिटते. कडे छाटून खोडाला सपाट कापले किंवा लांब खुंट ठेवला, तर ती मिटत नाही. एवढे एक कडे ओळखता आले, तरी छाटणीची अर्धी विद्या आली असे मी मानतो, आणि कामाला आलेल्या माणसाला ते दाखवायला सांगितल्यावर तो गोंधळला, तर त्याला चहा देऊन परत पाठवावे.

यावरून ठेकेदाराचा दुसरा प्रस्ताव, म्हणजे पुन्हा वरून छाटून देण्याचा, पहिल्याहून वाईट आहे हे आपल्या लक्षात आले असेल. तोडल्याने झाड जाईल, पण धोकाही जाईल. वरून मुंडण केल्याने दोन पावसाळे बरे जातील आणि मग आजच्यापेक्षा दुप्पट धुमारे शेजाऱ्यांच्या अंगणावर लोंबतील. राहिला फुकट तोडून देण्याचा प्रस्ताव. ज्याची मजुरी लाकडात आहे, त्याला जाड फांदी कापण्यात फायदा असतो आणि बारीक, वाळकी, धोक्याची फांदी काढण्यात तोटा. त्यामुळे छाटणी असो की तपासणी, त्याचा निर्णय त्याच्याही नकळत लाकडाच्या बाजूला झुकतो. तो माणूस लबाडच असेल असे मी म्हणत नाही. मजुरी रोख ठरवावी, लाकडाची किंमत वेगळी लावून हवी तर त्यातून वजा करावी, आणि काय कापायचे हे ठरवणारा व कापणारा यांचे हिशेब एकमेकांत मिसळू देऊ नयेत. अंगणात येऊन झाड पाहण्यासाठी कृषी महाविद्यालयातल्या किंवा वनखात्यातल्या एखाद्या निवृत्त जाणकाराला थोडे मानधन द्यावे लागले, तरी ते वसूल होईल.

मुळे ठीक निघाली, असे धरून चालू. मग या झाडाला छाटणी लागेल, पण ती वरची नव्हे, कडेची. शेजाऱ्यांच्या छपरावर गेलेल्या लांब फांद्या टोकाकडून आखूड कराव्यात, आणि प्रत्येक काप अशा बाजूच्या फांदीपाशी घ्यावा जिची जाडी कापलेल्या फांदीच्या निदान एक तृतीयांश असेल, म्हणजे ती पुढे शेंड्याचे काम करील. जुन्या खुंटांवर आलेल्या धुमाऱ्यांपैकी दर खुंटावर एक-दोन चांगल्या बैठकीचे ठेवून बाकीचे विरळ करावेत. हे काम दोन-तीन वर्षांत विभागावे, कारण एवढ्या वयाच्या झाडाची एका वर्षात दहा-पंधरा टक्क्यांहून अधिक पालवी काढणे बरे नाही. जड फांदी एका कापात कधीच काढू नये. आधी खोडापासून हातभर बाहेर खालून थोडा काप, मग त्याच्या किंचित पुढे वरून काप, म्हणजे फांदी साल न सोलता पडते. आणि उरलेला खुंट तिसऱ्या कापाने त्या कड्याच्या बाहेर. जखमेवर डांबर, ऑइल पेंट किंवा सिमेंट लावू नये. त्याने कूज थांबत नाही, उलट ओल आत कोंडते. बुंध्याला गेरू आणि चुना लावण्याची आपली जुनी पद्धत निरुपद्रवी आहे. तिच्याकडून औषधाची अपेक्षा मात्र धरू नये.

वेळेचे म्हणाल तर कडुनिंबाची मोठी छाटणी माघ-फाल्गुनात, जुनी पाने गळत असताना आणि नवी पालवी फुटण्यापूर्वी करणे उत्तम. आपले पत्र पाडव्यानंतरचे आहे, म्हणजे झाडाने आपली शिल्लक नव्या पालवीवर आत्ताच खर्च केली आहे. तेव्हा जूनच्या आधी फक्त वाळक्या फांद्या आणि छपरावरचे ढिले धुमारे काढावेत. बाकीचे काम पुढच्या माघावर टाकावे. वाळकी फांदी कापण्यापूर्वी तिच्या पोटाला रुपयाएवढे गोल भोक आहे का, तेही पाहावे. तांबट पक्षी याच दिवसांत तशा फांदीत घर करतो, आणि ती फांदी रिकाम्या अंगणावर असेल तर पावसाळ्यापर्यंत राहू दिल्याने कोणाचे काही बिघडत नाही.

भिंतीच्या तड्याविषयी शेजाऱ्यांचे म्हणणे अर्धे खरे असू शकते. इंदूरची काळी माती ओली झाली की फुगते आणि वाळली की आक्रसते. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, हे आपण मोकळ्या प्लॉटवर पाहतोच. उथळ पायाची भिंत अशा मातीवर झाड नसतानाही तडकते. मोठे झाड उन्हाळ्यात मातीतले पाणी ओढून ते आक्रसणे वाढवते. तड्याच्या दोन्ही बाजूंना पेन्सिलीने खुणा करून मधले अंतर वैशाखात आणि भाद्रपदात मोजावे. तडा पावसाळ्यात मिटत असेल, तर तो मातीच्या हालचालीचा आहे. तो बारा महिने सारखाच राहून एका जागी भिंत वर उचलली गेली असेल, तर खाली जाड मूळ आहे. तेथे मूळ न कापता भिंतीचा तेवढा भाग उतरवून मुळावरून काँक्रीटची आडवी तुळई टाकून भिंत पुन्हा उभारता येते. जी गोष्ट ठेकेदार कधीच सांगत नाहीत ती अशी की, काळ्या मातीतले पन्नास वर्षांचे झाड एकदम तोडले, तर ते जे पाणी ओढत होते ते मातीत साचते, माती पूर्वीपेक्षा अधिक फुगते, आणि भिंतीला, क्वचित घराच्या पायालाही, नवे तडे जाऊ शकतात. भिंत वाचवण्यासाठी झाड तोडणार असाल, तर हे शेजाऱ्यांनाही ऐकवावे.

आणि मुळे खराब निघाली, तर? जाड मुळांपैकी बरीचशी कुजलेली, पश्चिमेची जमीन उचललेली, जुन्या फोटोपेक्षा कल वाढलेला, असे दिसले तर हे झाड उतरवावे असेच मी सांगेन, आणि तेही वादळांचे दिवस सुरू होण्यापूर्वी. त्यात पर्यावरणाचा द्रोह नाही. खाली माणसे झोपतात. मात्र मध्य प्रदेशात शहरी भागातल्या झाडांच्या रक्षणासाठी २००१चा कायदा आहे आणि झाड आपल्या अंगणात, आपल्या सासऱ्यांनी लावलेले असले, तरी वृक्ष अधिकाऱ्याच्या लेखी परवानगीवाचून ते तोडता येत नाही. नगर निगमाच्या उद्यान विभागात अर्ज देताना त्यासोबत घेर, झाडाची जागा, उघडलेल्या मुळांचे फोटो आणि शेजाऱ्यांचे पत्र जोडावे. "झाड धोकादायक आहे" एवढ्या एका ओळीच्या अर्जापेक्षा असा अर्ज लवकर मार्गी लागतो. जाड फांद्यांची छाटणी करायची असली, तरीही आधी तेथे विचारून घ्यावे. परवानगी आणून देतो असे ठेकेदार म्हणाला, तर तो कागद आपल्या नावाचा आहे आणि त्यावर झाडांची संख्या बरोबर आहे, हे स्वतः वाचावे.

उतरवण्याच्या कामाबद्दल थोडे विस्ताराने लिहितो, कारण येथे माणसांचे जीव जातात. राजेंद्र नगरासारख्या दाट वस्तीत झाड खालून कापून पाडता येत नाही. ते शेंड्याकडून तुकड्या-तुकड्याने दोराने उतरवावे लागते. ओल्या लाकडाचे वजन लोकांच्या अंदाजाबाहेर असते. एक फूट जाड आणि दहा फूट लांब फांदीचा तुकडा जवळजवळ दोनशे किलो भरतो, आणि तो मोकळा पडून दोराला हिसका बसला, तर तो हिसका त्याच्या कित्येक पट असतो. म्हणून दोर खालच्या माणसाने नुसता हातात धरायचा नसतो. तो बुंध्याला दोन-तीन वेढे देऊन घर्षणावर सोडायचा असतो, आणि धरणाऱ्याने तो हाताला किंवा कमरेला कधीही गुंडाळायचा नसतो. वरच्या माणसाला हार्नेस, हेल्मेट आणि करवत चालवताना दोन ठिकाणी बांधलेले दोर हवेत. यंत्राच्या करवतीने एक दोर चुकून कापला गेला, तर दुसरा राहतो. शिडीवर उभे राहून किंवा एका हाताने चेन-सॉ चालवणारा माणूस दिसला, तर काम तिथेच थांबवावे. काही वर्षांपूर्वी एका कॉलनीत मी असे पाहिले की, वर चढलेल्या मुलाने आपला दोर ज्या फांदीला बांधला होता तीच तो कापत होता. खालून एका आजीबाईंनी ओरडून सांगितले म्हणून तो वाचला. ठेकेदार त्या वेळी कोपऱ्यावर पोहे खात होता.

आपल्या झाडाजवळून विजेची सर्व्हिस लाइन जाते की नाही, हे पत्रात नाही. जात असेल, तर तारेपासून तीन मीटरच्या आत कोणी हात, करवत किंवा बांबू नेऊ नये. ओली फांदी आणि ओला बांबू दोन्हीतून वीज वाहते, आणि तारेवरचे काळे आवरण उन्हाने तडकलेले असते. पश्चिम क्षेत्र विद्युत वितरण कंपनीच्या झोन कार्यालयात लेखी अर्ज देऊन त्या दिवशी पुरवठा बंद करून घ्यावा, आणि वायरमन प्रत्यक्ष येऊन सांगेपर्यंत काम सुरू करू नये. दिवे गेले आहेत म्हणजे लाइन बंद आहे, असे समजू नये. शेजारच्या एखाद्या घरातल्या इन्व्हर्टरमधूनही वीज उलटी येऊ शकते. कामाच्या दिवशी गल्लीतल्या गाड्या आदल्या रात्रीच हलवाव्यात, मुलांना घरात ठेवावे, आणि ठेकेदाराकडे मजुरांचा अपघात विमा आहे का हे ठरावाच्या कागदावर लिहून घ्यावे. नसेल, तर विम्याचा खर्च आपण द्यावा, पण विम्याशिवाय कोणाला वर चढवू नये.

बुंधा जमिनीलगत कापला तरी कडुनिंब खुंटावरून पुन्हा फुटतो. ते कोंब खुडत राहावेत. भिंतीजवळचा खुंट उकरून काढण्याच्या नादी लागू नये, ड्रेनेजची लाइन पुन्हा फुटेल. बारीक डहाळ्या आणि पाने कचरागाडीत घालू नयेत. ॲल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ ते १९३१ या काळात आपल्याच इंदुरात शेतातला काडीकचरा, शेण, राख आणि माती यांचे थर रचून तीन महिन्यांत खत करण्याची पद्धत बसवली, आणि ती जगभर इंदूरच्याच नावाने ओळखली जाते. अंगणाच्या कोपऱ्यात तेवढी जागा निघेल. झाड राहिले, तर डहाळ्यांचा बारीक भुसा बोटभर जाडीने मुळांवर पसरावा, फक्त तो बुंध्याला टेकू देऊ नये.

मागच्या अंगणातल्या आंब्याच्या खोडातून भुसा पडतो, असेही आपण शेवटी लिहिले आहे. ते खोडकिड्याचे काम आहे. भोकात लवचीक तार घालून अळी मारावी, रॉकेलचा बोळा आत सारून तोंड चिखलाने लिंपावे, आणि पंधरा दिवसांनी नवा भुसा दिसतो का ते पाहावे. आंब्याची छाटणी फळे उतरल्यावरच करावी.

राहता राहिले शेजारी आणि सासूबाई. ओटा ज्या दिवशी काढाल, त्या दिवशी शेजाऱ्यांना बोलवावे. मुळे त्यांच्या देखत उघडली, तर निकाल कोणताही लागो, तो आपला हट्ट आहे असे त्यांना वाटणार नाही. आणि गेल्या वर्षीच्या मोटारीचा खर्च आपण अजून दिला नसेल, तर त्याचा विषय आपणच काढावा. पाडव्याला कडुनिंबाची डहाळी त्यांच्याही गुढीला याच झाडाची जात असेल, असे मी धरून चालतो. सासूबाईंना मात्र ठेकेदाराचे बोलणे ऐकवू नये. खुर्ची टाकून त्यांना त्या दिवशी अंगणात बसवावे. १९७४ साली खड्डा कुठे खणला होता, पाया भरताना दगड-विटांची भर कोणत्या बाजूला पडली होती, पूर्वीची पाइपलाइन कुठून गेली होती, हे त्या घरात आता त्यांनाच ठाऊक असेल आणि पश्चिमेकडे खुरपे घालण्यापूर्वी ते विचारून घ्यायलाच हवे.

मुळे उघडल्यावर शेजारी मोजपट्टी ठेवून फोटो काढावेत आणि मला पाठवावेत. तोवर वादळाचा इशारा असेल त्या रात्री पूर्वेच्या खोलीत कोणी झोपू नये, आणि शेजाऱ्यांनाही मोटार पलीकडे लावायला सांगावे.